चढावरची शीळ

त्या दुपारी गाडी आली आणि हे उठले नाहीत.

मी आत कपाट आवरत होते. फाटकाची कडी वाजली तेव्हा मलाही कळलं की लेक आली. ती पायरीशी चपला काढून आत आली तरी हे खिडकीपाशी आपल्या खुर्चीत तसेच बसून होते. मांडीवरच्या फडक्याची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. तिची सावली अंगावर पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं, हसले, आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले, “काच अजून कापून झाली नाही. उद्या चक्कर टाकाल का?” लेक त्यांच्यासमोर तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “टाकते की. उद्या येते.” आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून हात धूत राहिली, हात धुऊन झाल्यावरही.

यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. ज्या माणसाला सकाळचा चहा घेतला की नाही हे दुपारी आठवत नाही, भाऊ जाऊन इतकी वर्षं झाली तरी जो त्याच्यासाठी जेवायचा थांबतो, त्यानं एकदा लेकीला ओळखलं नाही तर नवल कसलं. पण आमचं तसं नव्हतं. दिवसभर ह्यांना कशाचाही पत्ता नसे. मी कोण, हे विचारायचे नाहीत, पण मला कधी ‘अहो बाई’ म्हणायचे, कधी नुसतंच ‘ऐका’. लेक सकाळी डबा घेऊन निघताना तिला लांबून नमस्कार करायचे. पण दुपार कलली, आमची पिकअप चढाला लागली, वळणावर तिच्या टर्बोची ती बारीक शीळ उठली, की मी हातातलं काम खाली ठेवायचे आणि हे म्हणायचे, “आली.” काठी घ्यायचे, फाटकापर्यंत जायचे. लेक गाडीतून उतरली की, “ठमे, उन्हाची टोपी घालत जा गं,” नाहीतर, “ठमे, किती वाळलीस,” असं काहीतरी. ठमी हे तिचं लहानपणचं नाव. गुटगुटीत होती म्हणून. आता तिचे केस पिकायला लागलेत, तरी फाटकाशी ती ठमीच. घरात आल्यावर तासाभरात ह्यांच्या मनातून ती पुन्हा निसटायची, पण त्याचं आम्हा दोघींना काही वाटेनासं झालं होतं. दिवसातून एकदा तिला बाप मिळत होता. तेवढ्यावर ती दुसरा दिवस काढायची, हे मी तिच्या पाठीकडे पाहून ओळखत असे.

त्या दुपारी शीळ वाजलीच नव्हती. लेक म्हणाली, “आई, गाडीला दम लागलाय. चढावर नुसती फसफसते आणि काळा धूर सोडते. मला वाटलं, चढतच नाही आज.” दुसऱ्या दिवशी ती तशीच फसफसत आली. हे उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना म्हटलं, “अहो, ठमी आली,” तर म्हणाले, “कोण ठमी?” लेक दारातच होती. तिनं ऐकलं. मग मी मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

मिस्त्री ह्यांच्याहून लहान, पण आता तोही काही लहान राहिलेला नाही. ह्यांच्याशेजारी गाडीखाली उताणा पडण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं. फाटकातूनच ओरडला, “वहिनी, काय म्हणते म्हातारी?”

“कुठली?” मी म्हटलं. आमच्याकडे गाडीला म्हातारी म्हणतात, माझ्यादेखत.

“जिला धाप लागलीय ती.”

“मग दोघींना तपासून जा.”

त्यानं बॉनेट उघडलं, लेकीला गाडी सुरू करायला लावली, आणि आत वाकून हात न लावता नुसता फिरवला, तापलेल्या तव्यावरून फिरवावा तसा. मग बोट दाखवलं. टर्बोच्या गंजलेल्या लोखंडावर काजळीची एक बारीक वाकडी रेघ होती. “हे बघ पोरी. धुराच्या बाजूचं हाउसिंग तडकलंय. सगळा जोर इथूनच निसटतो. चाक फिरवायला उरतंय काय?”

टर्बो म्हणजे काय ते मला ह्यांनीच समजावलं होतं. गाडी नवी घेतली तेव्हाची गोष्ट. गोगलगायीच्या शंखासारखी दोन घरं, तीच हाउसिंगं, पाठीला पाठ लावून बसवलेली. एकात इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर शिरतो आणि तिथलं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या घरातलं चाक असतं, ते फिरून बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. मी म्हटलं होतं, “म्हणजे निघालेल्या पाहुण्याकडूनच जाता जाता पंखा हलवून घ्यायचा.” हे इतके हसले की हातातला पाना पडला. पुढे कितीतरी दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगत होते, आणि गिऱ्हाईक काच कधी मिळणार म्हणून मुकाट ऐकून घेत होतं.

काचेचाच धंदा आमचा. पिकअपच्या हौद्यात तिरकी लाकडी चौकट, तिला गोधड्यांचे तुकडे ठोकलेले, आणि त्यावर रेलून उभ्या काचा. हे गाडी चालवायचे ती कडेवर मूल झोपलेलं असल्यासारखी. काच मागे असली की रस्ता पाठीला दिसतो, म्हणायचे. खरं दुखणं होतं ते आमच्या घराखालचा चढ. वेग घेऊन चढावं तर खड्ड्यांत काच जाते, हळू चढावं तर गाडी मध्येच मान टाकते. मग एका सुट्टीत ह्यांनी कुठून तरी निमुळत्या वाटेचं हाउसिंग आणलं. वाट अरुंद असली की थोड्या धुरातही चाक लवकर फिरतं, गाडी कमी वेगातच ओढू लागते. अंगणात, ह्याच जागी, आम्ही दोघांनी ते बदललं होतं. आम्ही दोघांनी म्हणते, कारण इंजिनाच्या भिंतीकडचा खालचा नट ह्यांच्या रुंद हाताला पोचेना. शेवटी मी बांगड्या काढून ठेवल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. अंधारात काही दिसत नव्हतं. हे कानाशी सांगत होते, “अजून खाली, आता डावीकडे, तिथंच, सापडला?” आणि त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, ठमी चालायला लागली होती, आणि तरी मला भर दुपारी, ग्रीसच्या वासात, लाज वाटली होती. नट सापडला होता. मी म्हटलं, “नाही सापडत,” आणि थोडा वेळ तसेच उभे राहिलो.

त्याच संध्याकाळी वळणावरची शीळ पहिल्यांदा ऐकली. पूर्वी ती गाडी घराच्या अगदी जवळ आली की यायची, आता खालच्या वळणापासूनच यायला लागली. वळणापासून फाटकापर्यंत मला भाजी परतून गॅस बंद करायला, केसांवरून हात फिरवायला पुरेसा वेळ मिळायचा. पावसापाण्यात, ह्यांना उशीर झाला की, घरात काहीही करत असले तरी माझा एक कान त्या वळणावर टांगलेला असायचा. हे घरी बसले, गाडी लेकीकडे गेली, तरी कान तिथून खाली उतरला नाही. ह्यांच्या कानांबद्दल मात्र काय बोलावं. गॅसवरचा कुकर शिट्ट्या मारून मारून कोरडा पडला तरी हे शेजारी शांत बसलेले. विसरतात, मी मनाशी म्हणायचे, शिट्टी कशाची ते विसरतात. शीळ तेवढी विसरत नाहीत, याचं मला मनातून फार अप्रूप होतं. कुणापाशी बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून.

मिस्त्री दोन हाउसिंगं घेऊन आला आणि पायरीवर शेजारी शेजारी ठेवली. एक जुन्याच मापाचं, कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचं. दुसरं रुंद वाटेचं, नवं. लेकीला विचार करावाच लागला नाही. तिनं सरळ रुंद उचललं. “हल्ली दुकानांच्या जाड काचा असतात, काका. लांबची कामं. चढ-उतार. अरुंद वाटेनं धूर तुंबतो, इंजिन तापतं. तापूनच तडकलंय ना ते?”

“तापूनच,” मिस्त्री म्हणाला.

“आवाज?” मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री टोपी काढून डोकं खाजवू लागला. “आवाज बदलेल, वहिनी. शीळ उशिरा धरेल आणि जाड येईल. वळणावर काही यायची नाही. शेवटी, वरती आल्यावर, घोगरा असा.”

“मग हेच लाव,” मी म्हटलं आणि जुन्या मापाच्या हाउसिंगवर हात ठेवला. गार होतं. त्याच्या तोंडाशी आतून केसासारख्या चिरा होत्या, मला चष्म्याशिवायही दिसत होत्या. लेक माझ्याजवळ पायरीवर बसली. ती बसली की ह्यांच्यासारखे गुडघे फाकवून बसते, बाईमाणसानं असं बसू नये असं मी तिला आयुष्यभर सांगत आले.

“बाबांसाठी ना?” ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली.

“मला नकोय का ती शीळ, आई? मीच जास्त वाट बघते. खालच्या वळणावर मी मुद्दाम पाय दाबते, माहितीय? शीळ मोठी यावी म्हणून.” ती हसली. मग म्हणाली, “पण परवा मागे मोठी काच होती आणि चढावर गाडी थांबली. मागे घरंगळली थोडी. ब्रेकवर उभी राहिले नुसती. तुला बोलले नाही.” आणि गुडघ्यावरची काजळी नखानं खरवडत, माझ्याकडे न बघता, “तू म्हणशील ते लावू या. खरंच. रागावून नाही म्हणत.”

असं कुणी म्हटलं की माणसाला पळायला जागा राहत नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांना आम्ही अंगणात उन्हाच्या कडेला खुर्ची टाकून दिली होती. ते आमच्याकडेच बघत होते, भल्या घरच्या पाहुण्यासारखे, आपल्यामुळे कुणाचं काम अडू नये अशा बेतानं. ह्या माणसाला त्याची लेक परत द्यायची, का ह्या लेकीला चढावर सुखरूप ठेवायचं. आणि माझ्या मनात असंही आलं, की ह्यांना विचारता आलं असतं, ते पूर्वीचे असते, तर त्यांनी क्षणभरही वेळ लावला नसता. कसलं माप नि कसली शीळ, म्हणाले असते, पोरगी चढावरून मागे घरंगळली आणि तुम्ही अजून बसून आहात? मी जुन्या मापाचं हाउसिंग उचललं. जड होतं. ते भिंतीशी नेऊन पालथं ठेवलं.

“रुंद लाव,” मी मिस्त्रीला म्हटलं. “आणि हे घेऊन जा जाताना. डोळ्यांसमोर नको.”

नट आधी हलेनात. गंज सोडवायचं तेल घालून ठेवलं, चहा झाला, पुन्हा तेल घातलं. मग मिस्त्रीनं गॅसची ज्योत लावली. लोखंड काळ्याचं तांबूस झालं, तेलाचा कडवट धूर उठला, आणि पहिला नट सुटताना असा किंचाळला की झाडावरचे कावळे उडाले. “ओरड बाई, ओरड,” मिस्त्री म्हणाला, “एवढी वर्षं एका जागी बसल्यावर कोण गुपचूप उठेल!” सगळे नट सैल झाले, खालचा लांब दांडीच्या पान्यानं. मिस्त्री हाउसिंगला हात घालणार तोच खुर्चीवरून आवाज आला, “खूण केली का?”

सगळे थांबले. टर्बोचं घर कुठल्याही कोनात फिरवून बसवता येतं, पण कोन चुकला तर तेलाच्या नळ्या जुळत नाहीत, सगळं पुन्हा खोलावं लागतं. म्हणून उघडण्याआधी सांध्याच्या दोन्ही बाजूंवर छिन्नीची एक सरळ रेघ मारायची, आणि नवं बसवताना त्या रेघेशी जुळवायचं. ही ह्यांची पद्धत. मिस्त्री ती ह्यांच्याकडूनच शिकला, आणि आज बोलण्याच्या नादात विसरला होता.

“राहिली की, शेठ!” त्यानं जीभ चावली आणि छिन्नी घेतली. लेक फडकं टाकून खुर्चीजवळ गेली. चेहरा उजळला होता तिचा. “बाबा, बरं झालं सांगितलंत.”

हे म्हणाले, “तुमची काच उद्या नक्की देतो.”

ती “हो” म्हणाली. परत आली. टाकलेलं फडकं उचललं.

जुनं घर सरळ ओढून काढलं तेव्हा आतलं चाक दिसलं, मुठीएवढं, पाकळ्या पाकळ्यांचं. मिस्त्रीनं लेकीला पाकळ्यांना धक्का लागू द्यायचा नाही म्हणून बजावलं आणि एका बोटानं चाक फिरवलं. फिरत राहिलं, आवाज न करता. इतका जाळ खाऊन एक पाकळी दुमडली नव्हती. जुन्या घरावरची रेघ नव्यावर उतरवून ते जुळवून बसवलं, सांध्यात नवं गॅस्केट घातलं, आणि मग तो खालचा नट आला. बसवायला बोटंच हवीत, आणि मिस्त्रीचा हात जाईना. लेकीनं घातला, तर मनगटाशी अडकला. तिचा पंजा बापाचा. दोघं माझ्याकडे बघेपर्यंत मी बाही वर केली होती. बोटं आता वाकतात तिथून नीट सरळ होत नाहीत, आणि आत लोखंड अजून कोमट होतं. पण हात आपल्या वाटेनं गेला. खाली, मग डावीकडे. माझ्या कानाशी कुणी बोलत नव्हतं. नट दोनदा बोटांतून निसटला. तिसऱ्यांदा आट्यांत बसला आणि फिरला, तेव्हा मी तोंड गाडीकडेच ठेवलं, कारण डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

लेकीनं डिझेल तोडायची दोरी ओढून धरली आणि इंजिन पेटू न देता स्टार्टरवर नुसतं घरघरू दिलं, टर्बोपर्यंत तेल चढावं म्हणून. मग सुरू केलं. फसफस नव्हती. शीळही नव्हती. गाडी आपली जाड, शांत आवाजात उभी होती, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. “चढावर नेऊन आणतो,” म्हणून मिस्त्री लेकीच्या शेजारी बसला आणि दोघं गेली.

मी नळाशी हात घासत बसले. काळं निघत नव्हतं. मागे खुर्ची करकरली, हे नीट होऊन बसले असावेत. मी मनाची तयारी करत होते. लेक येईल, उतरेल, हे म्हणतील काच उद्या, ती म्हणेल हो. रोज. हळूहळू त्याचीही सवय होते, असं मी स्वतःला सांगत होते, आणि तेवढ्यात खालच्या वळणावर शीळ उठली. बारीक, लांब. साबण हातातून सुटला. नवी शीळ तिथं येणारच नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात राहिलंच नाही. मी ओल्या हातांनीच उठले आणि फाटकाकडे वळले.

“आली,” हे म्हणाले.

काठी घेऊन उठले. माझ्या बरोबरीनं फाटकाशी आले. आम्ही दोघं कडीला हात लावून उभे राहिलो आणि समोरून एक पाण्याचा टँकर शीळ घालत वर आला, धूळ उडवत निघून गेला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते टँकरकडे बघत नव्हते. रस्त्याकडेही नव्हते. माझ्याकडे बघत होते.

“कोण आली?” मी विचारलं.

“ठमी.”

“गाडी ऐकू आली तुम्हाला?”

“गाडी कुठली?” ते म्हणाले. थोडे वैतागले, उघड गोष्ट विचारल्यासारखे. “तू उठलीस ना. तू अशी उठलीस की ठमी येते.”

माझ्या हातांवरून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मी ते पुसलं नाही. आजवर रोज दुपारी ह्यांना खुर्चीत बसून काय ऐकू येत होतं, तर काहीच नाही. ते मला बघत होते. माझे हात थांबले, मान वळली, की त्यांच्यासाठी गाडी चढाला लागत होती. आणि त्या दिवशी शीळ आली नाही म्हणून मी कपाटातून डोकंच वर काढलं नव्हतं.

गाडी आली ती मला फार उशिरा कळली. शेवटच्या टप्प्यावर एक घोगरा, रुंद सुस्कारा, बस्स. लेकीनं फाटकाशी ब्रेक दाबला आणि काचेतून आम्हा दोघांना उभं पाहून तिचे हात स्टिअरिंगवरच राहिले. ह्यांनी काठीनं टायरला टोचलं. “ठमे, गाडी अशी मधोमध का लावतेस? माणसांनी जायचं कुठून?”

ती दार उघडून उतरणार तेवढ्यात मी खिडकीला हात लावला. “उतरू नकोस. पुन्हा एकदा खाली जाऊन ये.”

“का? काही बिघडलंय?”

“नाही. मला नवी शीळ नीट ऐकून ठेवायचीय.”

तिला काही समजलं नाही. मिस्त्री म्हणाला, “वहिनी म्हणतायत तर चल,” आणि गाडी मागे सरकली, वळली, चढावरून खाली गेली.

“आत्ताच तर आली,” हे म्हणाले. “लगेच कुठं निघाली?”

“येईल,” मी म्हटलं, आणि फाटकाला टेकून डोळे मिटून घेतले.